परसातल्या पक्ष्यांना घरचं खाणं कसं द्यावं: नाशिककरांसाठी पायरीवार मार्गदर्शक

गच्चीच्या कठड्यावर पसाभर तांदूळ, रात्रीची उरलेली पोळी आणि डब्याच्या तळाशी राहिलेला चिवडा टाकला की पक्ष्यांना खाऊ घातलं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. महिन्याभरात त्या कठड्यावर पारव्यांचा थवा मुक्काम ठोकतो, चिमणी फिरकत नाही आणि बुलबुल तर लांबच राहतो. उघड्यावर टाकलेलं धान्य पारव्यांच्याच सोयीचं असतं. मीठ आणि तळलेलं तेल लहान पक्ष्यांच्या शरीराला सोसत नाही. उरलेलं शिजलेलं अन्न एप्रिलच्या उन्हात तासा-दोन तासांत आंबतं.

म्हणून पक्ष्यांचं खाणं वेगळंच करावं लागतं: बिनमिठाचं, थोडं, आणि वेळेवर उचलून घेतलेलं. एवढं पाळलं तर पाककृती अगदी साधी असली तरी चालते. हे सुटलं तर महागातला महाग दाणाही पक्ष्यांना आजारी पाडतो. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. बहुतेक जण आधी फीडर विकत आणतात आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. इथे पाणी आधी आहे.

## पायरी १: आठवडाभर नुसतं बघा

खाणं ठेवण्याआधी सात-आठ दिवस सकाळी उजाडल्यावर अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास परसात कोण येतं ते वहीत लिहून काढा. गंगापूर रोडच्या बंगल्याच्या बागेत जे पक्षी येतात, ते सिडकोतल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येतीलच असं नाही. जो पक्षी परिसरात नाही तो खाण्याच्या लोभानं लांबून येत नाही.

खाण्याच्या सवयीवरून त्यांचे चार गट पडतात.

दाणे खाणारे: चिमणी, ठिपकेवाली मुनिया, सुगरण, होला. यांना बारीक धान्य लागतं.

फळं खाणारे: लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, साळुंकी, भांगपाडी मैना, कोकीळ, चष्मेवाला. तांबटही फळंच खातो, पण त्याचं मन वड, पिंपळ आणि उंबरावर असतं. तो ताटलीवर क्वचित उतरतो.

किडे टिपणारे: दयाळ, चीरक, सातभाई. हे जमिनीवर किंवा बुटक्या जागी खातात. टांगलेल्या फीडरकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

चौथा गट शिंपी, वटवट्या आणि सूर्यपक्षी यांचा. यांच्यासाठी ताटलीत काहीही ठेवू नका. साखरपाणी आणि मध तर नकोच. आपल्या उन्हात साखरपाणी काही तासांत फसफसतं आणि मधात बुरशी धरते. सूर्यपक्ष्याला मधुरसाबरोबर कोळी आणि बारीक किडेही हवे असतात, ते बाटलीतून मिळत नाहीत. त्याच्यासाठी जास्वंद, एक्झोरा किंवा हमेलियाचं एक झाड लावणं हाच खरा उपाय.

तपासा: वहीत पारव्यांची संख्या बाकी सगळ्या पक्ष्यांच्या बेरजेहून जास्त आहे का? तसं असेल तर उघड्या ताटलीत दाणे ठेवायचेच नाहीत. पायरी ४ मधला जाळीचा पिंजरा करा, नाहीतर फक्त फळं आणि पाणी ठेवा.

## पायरी २: जागा ठरवा

जागा चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही पक्षी येत नाहीत, किंवा येतात आणि मांजराच्या तोंडी जातात.

ताटली जमिनीपासून पाच ते सहा फूट उंच असावी. तिच्यापासून आठ-दहा फुटांवर एखादं दाट झुडूप किंवा झाड हवं, म्हणजे शिक्रा (लहान पक्ष्यांवर झडप घालणारा शिकारी पक्षी) आला की पक्ष्याला दडायला जागा मिळते. पण झुडूप अगदी लागून नको, कारण मांजर त्यातच दबा धरून बसतं. भिंतीच्या कडेला, कुंड्यांच्या रांगेच्या वर किंवा जिन्याच्या कठड्यालगत ताटली ठेवणं म्हणजे मांजराला पायरी करून देणं.

खिडकीच्या काचेचं अंतर मधलं असू नये. ताटली काचेपासून तीन फुटांच्या आत असली तर पक्ष्याला उडताना वेग घ्यायला जागाच नसते, आणि तीस फुटांपलीकडे असली तर काचेत दिसणाऱ्या झाडाच्या प्रतिबिंबाकडे तो सहसा झेपावत नाही. दहा-पंधरा फुटांवरच धडका जास्त बसतात. जागा बदलणं शक्य नसेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंचांवर उभ्या पट्ट्या चिकटवा. एकच मोठं स्टिकर लावून उपयोग होत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत सकाळी दहानंतर सावली येईल अशीच जागा घ्या. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी ठेवलेली स्टीलची ताटली पायाला चटके देते.

सावधान: टांगण्यासाठी नायलॉनचा धागा किंवा मांजा अजिबात वापरू नका. संक्रांतीनंतर परसातल्या झाडांवर अडकलेला मांजा काठीनं काढून, तुकडे करून कचऱ्यात टाका आणि मगच फीडर टांगा. जाड सुती दोरी किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार चांगली. दोरीची टोकं विसविशीत झाली की बदला, त्यात नखं अडकतात.

## पायरी ३: खाण्याआधी पाणी

किमान आठवडाभर फक्त पाणी ठेवा. जागा सुरक्षित आहे का हे पक्षी पाण्यावरच आधी पारखतात. शिवाय दाण्याकडे कधीच न येणारे दयाळ, शिंपी आणि चष्मेवालाही पाण्यावर येतात.

कुंभाराकडे मिळणारं पसरट मातीचं परळ सगळ्यात चांगलं. साधारण एक फूट व्यासाचं, कडेला एक इंच आणि मध्ये दोन इंच खोल, एवढं पुरे. आतून चकचकीत असलेलं भांडं किंवा प्लॅस्टिकचा टब नको, त्यात पाय घसरतात. खोल बादली किंवा घमेलं ठेवायचंच असेल तर मध्ये पाण्याबाहेर डोकं काढणारा चपटा दगड टाका. खोल पाण्यात पिल्लं बुडतात.

पाणी रोज बदला, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा. बदलताना आतली कड काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. रोज घासलेल्या परळात डास होत नाही, हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

तपासा: दुपारी बाराला पाण्यात बोट बुडवा. कोमट लागलं तर जागा चुकली आहे.

## पायरी ४: भांडी आणि जाळीचा पिंजरा

फळांसाठी आणि मऊ खाण्यासाठी मातीची किंवा स्टीलची उथळ ताटली पुरते. स्टीलच्या ताटलीला तळाशी बारीक खिळ्यानं सात-आठ भोकं पाडा आणि भोकांच्या कडा खालच्या बाजूनं ठोकून बोथट करा. नारळाची करवंटी तीन भोकं पाडून टांगता येते, पण तिच्या आतले खोबऱ्याचे धागे खरवडून काढा. राहिले तर दोन दिवसांत त्यावर काळी बुरशी येते.

दाण्यांसाठी मात्र बहुतेक नाशिककरांना पिंजराच करावा लागेल, म्हणजे जाळीतून चिमणी आत जाते आणि पारवा बाहेर राहतो. कृती अशी:

१. दोन इंची चौकटीची वेल्डमेश जाळी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ती फुटावर मिळते. दीड इंची मिळाली तर आणखी चांगलं, म्हणजे साळुंकीही बाहेर राहते.

२. जाळीची दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी वाकवून करा. कोपरे तारेनं बांधा. तारेची आणि जाळीची कापलेली सगळी टोकं पक्कडीनं आत मुडपा. मग आतून-बाहेरून हात फिरवून बघा. जिथे तुमच्या बोटाला टोचतं तिथे पक्ष्याचा डोळा फुटू शकतो.

३. पेटीच्या मध्यभागी सहा इंच व्यासाची ताटली तारेनं घट्ट बसवा. ताटली आणि जाळी यांच्यात चारही बाजूंनी सहा इंच मोकळे राहायला हवेत. लोक नेमकं हेच चुकवतात. ताटली जाळीला टेकवली की पारवा बाहेर उभा राहून मान आत घालतो आणि सगळे दाणे उपसून खाली पाडतो.

४. वर पत्र्याचा किंवा जुन्या ॲक्रिलिक शीटचा तुकडा बसवा. चारही बाजूंनी दोन इंच बाहेर आलेला असावा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही आणि वर बसलेल्या पारव्याची विष्ठा दाण्यात पडत नाही.

५. खाली सांडलेलं झेलायला पिंजऱ्याहून मोठा ट्रे ठेवा. तो नसेल तर रात्री उंदीर आणि घुशी येतात, आणि त्या एकदा आल्या की सोसायटीत पहिला विरोध तुमच्या फीडरलाच होतो.

होला या जाळीतून आत जात नाही. त्याच्यासाठी ट्रेमध्ये पडलेलं पुरतं.

मुंग्यांसाठी टांगायच्या तारेत मध्ये पाण्यानं भरलेली छोटी वाटी अडकवा. मुंग्यांचा खडू, वंगण किंवा कीटकनाशक पावडर दोरीवरही लावू नका. ती पक्ष्याच्या चोचीत आणि पिसांत जाते.

## पायरी ५: खाणं तयार करा

### कोरडे दाणे

एक किलोसाठी बाजरी ५०० ग्रॅम, राळा २०० ग्रॅम, तांदळाची कणी २०० ग्रॅम आणि नाचणी १०० ग्रॅम घ्या. राळा मिळाला नाही तर तेवढीच बाजरी वाढवा. मका, हरभरा, अख्खा गहू आणि ज्वारी घालू नका. मोठे दाणे चिमणी आणि मुनिया टाकून देतात, आणि ते खायला पारवे जमतात. कच्चे तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतात ही भीती मात्र निराधार आहे. कणी बिनधास्त घाला.

धान्य आणण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं कधीही वापरू नका. निफाड, येवला, सिन्नर, चांदवड भागात घरोघरी बाजरी असते आणि पाकिटात उरलेलं बियाणं पक्ष्यांना टाकलं जातं. गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग चढवलेलं ते बियाणं बुरशीनाशक, कधी कीटकनाशक चोळलेलं असतं. धुतल्यानं ते सुरक्षित होत नाही.

तसंच घरच्या कणगीतल्या किंवा डब्यातल्या धान्याचं. तांदळाला बोरिक पावडर लावली असेल किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या, धुरीच्या गोळ्या ठेवल्या असतील तर ते धान्य पक्ष्यांना देऊ नका. किराणा दुकानातून ताजं, काही न लावलेलं धान्य पाव-अर्धा किलोच आणा.

मग चाळून धूळ काढा आणि सुपात पाखडा. बाजरीत दाण्याहून लांबट, काळपट, कडक काही दिसलं तर ते वेचून फेका. तो अरगट, एक विषारी बुरशी. जाळी धरलेले, एकमेकांना चिकटलेले दाणे असतील तर सगळं धान्यच टाकून द्या. उरलेलं कापडावर पातळ पसरून दोन तास उन्हात तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. गरम असतानाच भरलं तर आत वाफ धरते आणि आठवड्यात कुबट वास येतो. पोरकिडे होऊ नयेत म्हणून भरण्याआधी तीन-चार दिवस पिशवीसकट फ्रीजरमध्ये ठेवलं तरी चालतं. एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका.

### शेंगदाणा आणि बाजरीचा भुगा

हा बुलबुल, साळुंकी, भांगपाडी मैना आणि सातभाई यांच्यासाठी. थंडीत उपयोगी.

साहित्य: बाजरीचं पीठ १ वाटी, कच्च्या शेंगदाण्याचं जाडसर कूट अर्धी वाटी, पूर्ण पिकलेलं केळं अर्धं. मीठ, गूळ, साखर, तूप, तेल, हळद काहीही नाही.

शेंगदाणे एकेक करून निवडा. काळा डाग, सुरकुतलेला, पिवळट पडलेला किंवा खवट वासाचा दाणा बाहेर. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते भाजल्यानं नष्ट होत नाही. त्यामुळे ‘भाजून घेतले, आता चालतील’ हा हिशोब इथे चुकीचा आहे. दुकानातले खारे शेंगदाणे तर नकोतच.

पीठ मंद आचेवर तव्यावर पाच मिनिटं कोरडं भाजा आणि गार करा. केळं काट्यानं कुस्करा, त्यात कूट आणि मग पीठ थोडं थोडं घालत बोटांच्या टोकांनी चोळा. गोळा मळायचा नाही. चिमटीत दाबलं की धरलं पाहिजे आणि सोडलं की मोकळं व्हायला पाहिजे. बोटांना चिकट लेप राहत असेल तर आणखी दोन चमचे पीठ घाला. चिकट खाणं चोचीला आणि पिसांना लागतं, आणि लहान पिल्लाच्या घशात अडकतं.

हा भुगा फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी टाकून द्या. परदेशी पाककृतींमध्ये चरबीच्या वड्या असतात, त्यांची नक्कल करू नका. आपल्या ऊन्हात ती चरबी वितळते, पिसांना लागते आणि पिसांचा पाण्यापासूनचा बचाव जातो.

### मऊ खाणं

दयाळ, साळुंकी आणि सातभाईंसाठी. विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी ते जुलै, याचा खरा उपयोग.

एक अंडं बारा मिनिटं उकडून किसा आणि त्यात दोन चमचे डाळ्याचं पीठ मिसळा. फुटाण्याचं पीठ घेऊ नका, फुटाण्याला बऱ्याचदा मीठ-हळद लावलेली असते. अंडं घरात चालत नसेल तर बिनमिठाची शिजवलेली मुगाची डाळ पूर्ण निथळून, कोरडी करून कुस्करा. कच्ची कोरडी डाळ किंवा कच्चं कडधान्य देऊ नये.

अंड्याचं कवच टाकू नका. दहा मिनिटं उकळा, वाळवा, तव्यावर मंद आचेवर आणखी दहा मिनिटं गरम करा आणि तांदळाच्या कणीएवढं बारीक चुरा. अंडी घालणाऱ्या मादीला त्यातला चुना लागतो. छोट्या वाटीत वेगळं ठेवा.

### फळं

पपई, केळं, पेरू, चिकू, अंजीर, डाळिंबाचे दाणे आणि द्राक्षं चालतात. सफरचंद असेल तर बिया काढा. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा पक्ष्यांना विषारी आहेत.

जानेवारी ते एप्रिल नाशिकमध्ये द्राक्षांचे सुटे मणी स्वस्त मिळतात आणि पक्ष्यांना तेच घातले जातात. घडावर फवारणी झालेली असते हे लक्षात ठेवा. मणी खायच्या सोड्याच्या पाण्यात (एक लिटरला एक चमचा) पंधरा मिनिटं भिजवा, दोनदा साध्या पाण्यानं धुवा आणि उभे दोन भाग करून ठेवा. अख्खा मणी गिळताना लहान पिल्लाला अडकतो. बेदाणे देणार असाल तर धुऊन तासभर भिजवा, कारण ते सुकवताना डिपिंग ऑइलमध्ये बुडवलेले असतात.

पपई आणि पेरू सालीसकट अर्धा कापून खिळ्यावर खोचा. तुकडे करून ठेवले तर साळुंकी एकेक उचलून नेते. अर्धं फळ पक्के बसवलं तर बुलबुल त्यावर आरामात उभा राहून चोच मारत खातो.

सावधान: शेव, फरसाण, चिवडा, खारी, बिस्किटं, पाव, दूध, चहात बुडवलेली पोळी, फोडणीचा भात यांतलं काहीही नको. पावानं पोट भरतं आणि पोषण मिळत नाही. दूध पक्ष्यांना पचत नाही. बिनमिठाची बाजरीची भाकरी चुरून अधूनमधून चालेल, पण तो मुख्य आहार नाही.

## पायरी ६: किती, केव्हा आणि किती वेळ

पहिले चार दिवस चिमूटभरच ठेवा. दाणे दोन चमचे, फळ अर्धं केळं. पक्षी चारही दिवस आले नाहीत तरी रोज शिळं काढून ताजं ठेवा. पहिल्या पाहुण्याला दोन आठवडेही लागू शकतात. तोवर ‘जास्त ठेवलं तर लवकर येतील’ म्हणून ढीग घालू नका, तो ढीग पारवे शोधतात.

नंतर प्रमाण असं ठरवा: दोन तासांत संपेल तेवढंच. संपलं नाही तर उद्या निम्मं. पाऊण तासात संपलं तर दीडपट, पण कोरडे दाणे एका वेळी अर्ध्या वाटीवर कधीच नाही.

सकाळची वेळ सूर्योदयानंतरच्या अर्ध्या तासातली. संध्याकाळी सूर्यास्ताच्या दीड तास आधी. दोन्ही वेळा रोज त्याच ठेवा. अंधार पडण्याआधी दाण्यांची ताटली आणि खालचा ट्रे उचलून आत घ्या.

फळ तीन ते चार तास, भुगा दोन तास, अंड्याचं किंवा डाळीचं खाणं एक तास. यापलीकडे बाहेर राहिलं तर उचला, संपलेलं असो वा नसो. एप्रिल-मेमध्ये हे वेळ निम्मे करा.

पितृपक्षातला कावळ्याचा घास गच्चीवर ठेवायचा असेल तर पक्ष्यांच्या ताटलीपासून शक्य तेवढ्या लांब ठेवा आणि दुपारपर्यंत उचला. वडे, पुरी, खीर चिमणीच्या ताटलीजवळ राहिली तर कावळे तिथेच रेंगाळतात, आणि कावळ्याची नजर लहान पक्ष्यांच्या घरट्यावरही असते.

## पायरी ७: सफाई

रोज नवीन खाणं ठेवण्याआधी ताटली कोरड्या ब्रशनं झाडून पुसा. जुन्यावर नवीन ओतणं हीच आजाराची सुरुवात, कारण तळाशी विष्ठा, टरफलं आणि ओल एकत्र कुजतात.

आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या द्रावणात दहा मिनिटं बुडवा, वास जाईपर्यंत धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओली ताटली पुन्हा टांगू नका. दोन ताटल्या असल्या तर अदलाबदल सोपी जाते. हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका, आणि नंतर हात साबणानं धुवा.

गच्चीवरची वाळलेली विष्ठा झाडूनं कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा. पारव्यांच्या सुक्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना त्रास देते. घरात दमेकरी किंवा वृद्ध माणूस असेल तर दाण्यांचा नाद सोडून फक्त पाणी आणि फळं ठेवणं शहाणपणाचं.

तपासा: एखादा पक्षी पिसं फुगवून तासन्‌तास बसलेला, डोळे चिकटलेला, चोचीशी किंवा पायावर गाठी आलेला दिसला तर त्याच दिवशी खाणं आणि पाणी दोन्ही बंद करा. सगळी भांडी ब्लीचनं धुवा आणि किमान दोन आठवडे काही ठेवू नका. आजारी पक्षी एकाच ताटलीवरून बाकीच्यांना आजार देतो.

## पायरी ८: ऋतूप्रमाणे बदल

थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नाशिकचा पारा एक आकडी होतो आणि निफाडकडे आणखी खाली जातो. रात्रभर उपाशी राहिलेल्या लहान पक्ष्याला सकाळचा पहिला तास महत्त्वाचा. या दिवसांत खाणं उशिरा ठेवू नका, आणि शेंगदाण्याचा भुगा रोज द्या.

उन्हाळ्यात पाणी वाढवा आणि शिजलेलं खाणं कमी करा. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून साजरा होतो. त्या दिवशी बरेच फीडर टांगले जातात आणि मे महिन्यात सुट्टीच्या धांदलीत रिकामे, तापलेले लटकत राहतात. ज्यांना मे महिन्यात घरी राहता येत नाही त्यांनी मार्चमध्ये सुरुवात करू नये, जूनमध्ये परत आल्यावर करावी.

मार्चपासून शेंगदाणे अख्खे किंवा अर्धे ठेवूच नका, फक्त कूट. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवते. बागेत कीटकनाशक फवारत असाल आणि फीडरही ठेवत असाल तर एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेणं होतं. झाडाखालचा पालापाचोळा एका कोपऱ्यात तसाच राहू द्या. सातभाई आणि चीरक त्यातच आपलं जेवण शोधतात.

घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर ड्रॉपरनं पाणी किंवा दूध चोचीत सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. पिसं न आलेलं असेल तर अलगद घरट्यात ठेवा, माणसाच्या स्पर्शानं आई टाकून देत नाही. पिसं आलेलं असेल तर जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हा. पिंजऱ्यात घालून पाळायचा विचारही नको, पोपट आणि मुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

पावसाळ्यात दाण्यांचं प्रमाण निम्म्यावर आणा. निसर्गात किडे भरपूर असतात आणि ताटलीतला दाणा दुपारपर्यंत दमट होतो. दाणा हातात घेऊन फुंकर मारा. उडाला नाही, हाताला चिकटला तर तो टाकायचा. श्रावणाच्या झडीत दिवसभर पाऊस असेल तर त्या दिवशी दाणे ठेवूच नका.

## अडचण आली तर

पारवे हटत नाहीत: दहा-पंधरा दिवस दाणे पूर्ण बंद करा, पाणी चालू ठेवा. मग पिंजऱ्यातूनच सुरू करा आणि ट्रेमध्ये सांडलेलं दर तासाला उचला. शेजारचं कोणी उघड्यावर धान्य टाकत असेल तर तुमचा पिंजरा एकटा पुरणार नाही, त्यांच्याशी बोलावंच लागेल. मुंबईत कबुतरखान्यांचा प्रश्न २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या गल्लीत तशी वेळ येऊ देऊ नका.

शिक्रा घिरट्या घालतो: आठवडाभर खाणं बंद. त्यालाही हुसकावू नका, दगड मारू नका. भक्ष्य एका जागी गोळा होईनासं झालं की तो पुढे जातो.

खार सगळं नेते: नेऊ द्या, पण तिच्यासाठी जमिनीजवळ वेगळं फळ ठेवा. पिंजरा झाडाच्या खोडापासून सहा-सात फूट लांब टांगला तर तिथे तिची उडी सहसा पोचत नाही.

फक्त साळुंकी येतात, बुलबुल येत नाही: फळाची ताटली मोकळ्यावरून झुडपाच्या जवळ आणा, पण अगदी लागून नको. साळुंकीला उघडी जागा आवडते, बुलबुलाला आडोसा. दोन ताटल्या पंधरा फुटांवर ठेवल्या तर दोघांचंही भागतं.

गावी जायचं असेल तर आठ दिवस आधीपासून प्रमाण रोज थोडं थोडं कमी करत आणा आणि निघायच्या आदल्या दिवशी ताटली, पिंजरा, ट्रे धुऊन आत ठेवा. पाण्याचं परळ भरून सोडून जाऊ नका. कोणी रोज बदलणारं असेल तरच ते बाहेर राहू द्या, नाहीतर रिकामं करून पालथं घाला.